मावशीच्या गाडीचे सुटे भाग

ता. ११ जानेवारी

तीर्थरूप मावशीस,
घंटीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायचं इतकं लांबलं आहे की आमचा पोस्टमन मला लांबून बघूनच नकारार्थी मान हलवतो. काकांचं मात्र आलं. तुझी प्रकृती ठीक, जेवण ठीक, झोप ठीक, असा 'ठीक' त्यांनी पत्रभर पेरला आहे. सोफ्याचं कापड निवडताना तासभर बोलणारा माणूस बायकोबद्दल एका शब्दात आटपतो, तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं, एवढं मला कळतं.

फोनवर तुला ऐकू येत नाही. मोबाइलवरचे निरोप तू वाचत नाहीस, कारण काचेवर बोट घासून काढलेल्या अक्षरांना तुझ्या मते चव नसते. म्हणून चवीचं पत्र लिहायला बसले आहे.

तुझ्या बसमधल्या त्या आजोबांनी उतरायची बेल दाबली, ती तुला ऐकू आली नाही आणि ते दोन थांबे पुढे गेले. त्यांनी तक्रारसुद्धा केली नाही. तरी संध्याकाळी डेपोत जाऊन तू बसची चावी आपल्या हाताने साहेबांच्या टेबलावर ठेवलीस. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं ते नंतर. मला तुझा अभिमान वाटला आणि अजूनही वाटतो. पण तेव्हापासून तू घराचा जिना उतरलेली नाहीस, हे मला सहन होत नाही.

तर ऐक, म्हणजे वाच. मला तुला एक कॉम्प्युटर बांधून द्यायचा आहे. हिशेबाचा नाही, खेळायचा. हसू नकोस. त्यात बस चालवायचा खेळ असतो. हातात स्टीअरिंग, पायाशी क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर, बाजूला गिअरचा दांडा आणि समोर पडद्यावर रस्ता. थांबे असतात, वेळापत्रक असतं, मध्येच घुसणारे स्कूटरवाले असतात. आणि कानाची तपासणी कोणी मागत नाही.

पैशांचं पाकीट मी बाजूला काढलं आहे. ते काही फार फुगीर नाही. तयार मशीन घेतलं तर दुकानाच्या दारातच रिकामं होईल. पण एकेक भाग पारखून घेतला तर जमेल. मी माझं मशीन असंच जोडलं होतं. आई भल्या सकाळी कामाला जायची तेव्हा शाळा संपेपर्यंतची माझी सगळी वर्षं तुझ्या बसच्या पुढच्या सीटवर गेली. दुसऱ्या कोणी बसू नये म्हणून तू तिथे तुझी पिशवी ठेवायचीस, आणि मी उगाच बेल वाजवून तुझा जीव खायची. त्याची ही अर्धीमुर्धी परतफेड समज. नाही म्हणू नकोस.

लोभ आहे हे मला माहीतच आहे. तो अधूनमधून पोस्टातूनही यावा.

तुझी,
घंटी


ता. २० जानेवारी

चि. घंटीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

उचलली जीभ लावली टाळ्याला! या वयात मी खेळण्यातली बस चालवू? उद्या म्हणशील, दोरीच्या उड्या मारायला ये. चष्म्याच्या दुकानात काचा घासून घासून तुझं डोकं गुळगुळीत झालं आहे का?

तुझ्या काकांनी पत्र वाचलं आणि काही बोलले नाहीत. म्हणजे कान असलेल्या माणसाला कळेल असं काही बोलले असतील. मला दिसलं ते एवढंच, की ते टेप घेऊन खिडकीजवळची जागा मापायला लागले.

आता निव्वळ माहिती म्हणून विचारते. त्या खेळात बस चढावर मागे सरकते का? क्लच अर्धा दाबता येतो का, की नुसता चालू आणि बंद? आणि वळताना मागची चाकं फूटपाथवर चढतात का? नाही चढली तर तो खेळ कोणी लहान पोराने केलेला असणार.

चढतात असं तुझं म्हणणं असेल, तर माझ्या अटी ऐक. सगळा भार तू उचलायचा नाहीस. काकांनी नुकताच एक दवाखान्याचा सोफा शिवला, त्यातला वाटा मी पाठवते आहे. दुसरं, भाग तू निवड, पण जोडणार मी. गाडीखाली आडवी पडून मी बेल्ट बदलले आहेत, चार स्क्रू मला भारी नाहीत. तिसरं, आवाजाचं काहीही सामान घ्यायचं नाही. कानातल्या यंत्रातून मला फक्त पातेली आपटल्यासारखं ऐकू येतं. त्यावर पैसे घालवलेस तर पेटी न उघडता परत पाठवीन.

आणि तुझ्या मशीनमध्ये असतात तसले लुकलुकणारे दिवे नकोत. गाडी आहे, सर्कशीचा तंबू नाही.

आईला माझी आठवण सांग. लोभ आहेच, पण त्याचा गैरफायदा घेऊ नये.

तुझी,
मावशी


ता. १४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मागची चाकं फूटपाथवर चढतात. क्लच अर्धा, पाव, कसाही दाबता येतो. आणि चढावर बस मागे सरकते. मी स्वतः एका भाजीच्या गाडीला धडकले.

तुझ्या अटी मान्य. सामान घेऊन झालं, ते या आठवड्यात निघेल. काय घेतलं आणि का घेतलं ते सांगते, कारण तू मागाहून विचारशीलच.

रस्ता, झाडं, माणसं हे सगळं पडद्यावर काढायचं काम ग्राफिक्स कार्ड करतं. खेळाच्या मशीनमध्ये जास्तीत जास्त पैसे तिथेच जातात. नवं घेतलं असतं तर पाकिटात नुसती घडी उरली असती. आमच्या दुकानात डोळ्यांचा नंबर काढणारा आहे, त्यानेही हे वेड लावून घेतलं आहे. त्याने नवं कार्ड घेतलं आणि जुनं मला निम्म्यात दिलं. त्याच्या घरी रविवारभर बसून, जड खेळ सतत चालू ठेवून ते मी तापवून बघितलं. त्याच्या बायकोने आम्हा दोघांनाही वेड्यात काढलं आणि जेवायला वाढलं.

प्रोसेसर मधल्या दर्जाचा घेतला. खेळातली रहदारी तो सांभाळतो, त्यामुळे अगदी हलका चालला नसता. मदरबोर्ड, म्हणजे ज्यावर सगळे भाग बसतात तो, साधा घेतला. मेमरीची एकच मोठी पट्टी घेण्याऐवजी दोन लहान घेतल्या. जोडीने त्या जास्त चपळ चालतात. पडदा मध्यम आहे. दुकानदार भलामोठा गळ्यात मारत होता, पण आपल्या कार्डाला तो झेपला नसता. नाकापेक्षा मोती जड.

पॉवर सप्लायवर मात्र मी काटकसर केली नाही. चकचकीत खोक्यातला एक अगदी स्वस्त मिळत होता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. सगळ्या भागांना वीज तोच पुरवतो, तो बिघडला तर बाकीच्यांना घेऊन जातो. तू म्हणायचीस ना, सीटचं कापड फाटकं चालेल पण ब्रेकवर पैसे वाचवू नयेत? ते दुकानात उभी असताना आठवलं.

पेटी साधी पत्र्याची आहे, पुढे जाळी, हवा खेळती. दिवा एकच, चालू-बंदचा. स्पीकर, हेडफोन काही नाही. मदरबोर्डला मागे आवाजाचं एक भोक असतं, ते फुकटच येतं; ते बुजवून दे म्हणून दुकानदाराला सांगायची मला लाज वाटली. आवाजातून वाचलेल्या पैशांत तीन पायपट्ट्यांचं, खऱ्या क्लचचं स्टीअरिंग आलं. एरवी दोनच पट्ट्यांचं घ्यावं लागलं असतं.

जोडायची रीत वेगळ्या कागदावर चित्रांसकट आहे. ती वाच. मला माहीत आहे तू वाचणार नाहीस, तरी वाच.

काकांना नमस्कार. तुझी ममता आहे तशीच राहो, फक्त तिने सूचना पाळाव्यात.

तुझी,
घंटी


ता. ४ मार्च

चि. घंटीस,
अनेक आशीर्वाद.

पेट्या सुखरूप आल्या. काकांनी कामाचं मोठं टेबल रिकामं करून दिलं. नायलॉनचे तुकडे अंगाला चिकटून चटचटत होते, ते सगळे त्यांनी बाहेर नेले, कारण तसल्या विजेने भाग जळतात अशी तुझ्या कागदावर भीती घातली होतीस. प्रत्येक भागाला हात लावण्याआधी मी शिवणयंत्राच्या लोखंडी पायाला शिवत होते. बघ, वाचला कागद.

खूप दिवसांनी हातांना काम मिळालं. भाग खोबणीत बसला की बोटांना जो टक लागतो, तो लागला की मला बरं वाटायचं. काका स्क्रू वाटीत घालून परिचारिकेसारखे शेजारी उभे होते. संध्याकाळपर्यंत सगळं जागेवर बसलं.

आणि मग मी माती खाल्ली. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा पंखा यांच्यामध्ये लावायची ती पेस्ट. तू वाटाण्याएवढी लाव असं लिहिलं होतंस. मला वाटलं, पोरगी पाकिटाला जपते आहे. ग्रीस कमी पडलं की चाकाच्या बेअरिंगचं काय होतं ते मी भर रस्त्यात पाहिलं आहे. मी अख्खी नळी पिळली. खालून लावली, वरून लावली, पंखा दाबून बसवला. कडेने राखाडी ओघळ आले तेव्हा कुठे माझं समाधान झालं.

बटण दाबलं. काहीही झालं नाही. पंखेसुद्धा हलले नाहीत. काकांनी मला पाणी आणून दिलं, म्हणजे माझा चेहरा कसा झाला असेल बघ.

तुझ्या कष्टाचं सामान मी घालवलं, घंटे. मला आता कशालाच हात लावू देऊ नये असं वाटतं. रागाव, पण पत्र पाठव.

तुझी,
मावशी


ता. ९ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

अति तेथे माती! तुझं पत्र मी दुकानात वाचलं आणि इतकी हसले की गिऱ्हाईक आरशात स्वतःचा चष्मा तपासायला लागलं.

काहीही गेलेलं नाही. ती पेस्ट ग्रीस नव्हे. तिथे काही फिरत नाही, नुसती उष्णता वर पंख्याकडे पोचवायची असते, म्हणून पातळ थर पुरतो. ती वीजही वाहून नेत नाही, त्यामुळे काही जळालेलं नसणार. ओघळ खालच्या बारीक भोकांत गेला असेल आणि तिथे जोड लागत नसेल, एवढंच. वीज बंद कर, पंखा सोड, प्रोसेसर अलगद उचल. स्पिरिट आणि मऊ ब्रशने दोन्ही बाजू, भोकं, कडा सगळं स्वच्छ कर. काकांचा हात हलका आहे, ते त्यांनाच करू दे. मग पूर्ण वाळू दे. पी हळद आणि हो गोरी करू नकोस.

काचा पुसायचं आमचं कापड आणि नवी नळी सोबत आहे. नळी मुद्दाम सगळ्यात लहान घेतली आहे.

आणि तू 'कशालाच हात लावू देऊ नये' असलं काही मला पुन्हा लिहायचं नाहीस. चूक झाली ती गाडीला जपणाऱ्या बाईची झाली. त्या जपण्यावर मी रोज शाळेत पोचले आहे.

तुझ्या आशीर्वादाची आणि वाटाण्याएवढ्या पेस्टची वाट बघणारी,
घंटी


ता. २५ मार्च

चि. घंटीस,
अनेक आशीर्वाद.

मशीन सुरू झालं. काकांनी टाके उसवताना लावतात तो चष्मा लावून एकेक भोक साफ केलं. पडद्यावर चित्र उमटलं तेव्हा आम्ही दोघं उगाच उभेच राहिलो.

आता खरं लिहिते. तुझ्यापासून लपवणं बरं नाही.

मी बस चालवली. रस्ता फार सुरेख आहे. झाडांच्या सावल्या काचेवरून सरकतात, मागची चाकं चढतात, सगळं आहे. पण गाडी मेलेली आहे. मी गिअर कधीच काटे बघून बदलला नाही. इंजिन सांगायचं तेव्हा बदलायचे. इथे इंजिन काही सांगतच नाही. डेपोतून निघाले आणि पहिल्याच चढावर गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. काट्याकडे बघायला गेले तर रस्त्यावरची नजर सुटली. आणि मग आरशात दिसलं की एक बाई मागे उभी राहून हात हलवते आहे. बेल तिने केव्हाच दाबली होती, आणि थांबा मागे गेला होता.

मी बंद केलं. वर चादर घातली आहे.

कान गेले तेव्हा मला वाटलं होतं की बाकीची ड्रायव्हर शिल्लक आहे. ती नाही, हे आता कळलं. यात तुझा काही दोष नाही. माझ्यासाठी एवढं कोणी केलं नव्हतं, आणि मी ते विसरणार नाही. पण आता हे विकून टाक आणि तुझं पाकीट भर. जिना उतरायचा आग्रहही कोणी करू नये.

लोभ आहे तो राहीलच. पत्र उशिरा आलं तर वाईट वाटून घेऊ नकोस.

तुझी,
मावशी


ता. २६ मार्च

चि. घंटीस,
काकांचे आशीर्वाद.

हिचं पत्र मीच पेटीत टाकलं. न वाचताही आत काय आहे ते कळलं. मी नेहमी 'ठीक' लिहितो, कारण दुसरं काय लिहावं ते मला सुचत नाही. या खेपेला ठीक नाही.

एक गोष्ट सांगतो, तिचा उपयोग होईल की नाही ठाऊक नाही. आमच्या खिडकीखाली चौक आहे. तिथे बस वळते. ही सकाळी खिडकीशी बसते आणि तळवा काचेवर टेकवून ठेवते. डोळे मिटलेले असतात. बस वळली की मला म्हणते, यानं गिअर उशिरा टाकला. किंवा म्हणते, ही पोरगी चांगली चालवते. मी खाली बघतो तर खरंच बाई ड्रायव्हर असते. काच हलते त्यावरून हिला कळतं. तसं खुणेने विचारलं तर हात मागे घेते आणि म्हणते, काच गार आहे का बघत होते.

मशीन विकू नकोस. निदान इतक्यात नको.

तू आमच्यासाठी जे केलंस ते मला बोलून दाखवता येत नाही. तुझ्या घरची एखादी खुर्ची मोडली असेल तर कळव.

तुझा,
काका


ता. ३१ मार्च

तीर्थरूप काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी तशीच उठले आणि बाजारात गेले. खुर्ची माझी नाही, तुमची मोडायची आहे.

सोबतच्या डब्यात बशीएवढी एक जड चकती आहे. ती आवाज काढत नाही, आवाजाची थरथर करते. दुसरी छोटी पेटी तिला जोर पुरवते. मदरबोर्डच्या मागचं ते आवाजाचं फुकट भोक आठवतं? पेटीची तार तिथे लावायची. इंजिन गुरगुरलं की चकती गुरगुरेल. मावशी ज्या खुर्चीवर बसून चालवते, तिच्या बैठकीच्या फळीला चकती खालून स्क्रूने घट्ट आवळा. फोमात पुरू नका, फोम थरथर गिळून टाकतो. वरची गादी किती पातळ केली म्हणजे टोचणार नाही आणि तरी पोचेल, ते मला सांगता येणार नाही. ते तुम्हालाच कळेल.

एक कमी राहील. बेलचा आवाज बारीक असतो, तो चकतीतून पोचत नाही. मी खूप शोधलं, या पैशांत त्याला उपाय मिळाला नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं.

तिला आधी काही सांगू नका. नवी खुर्ची शिवली, बसून बघ, एवढंच म्हणा. तुमच्या एका पत्राने मला जे सापडलं ते कुठल्याच दुकानात मिळालं नसतं. त्याबद्दल तुमची मी कायमची ऋणी आहे.

तुमची,
घंटी


ता. १८ एप्रिल

चि. घंटीस,
मावशीचे अनेक, अनेक आशीर्वाद.

तू आणि तुझे काका दोघंही लबाड आहात.

मला खुर्चीत बसवलं. गादी मऊ की कडक ते सांग, म्हणून काका पुढ्यात उभे. मग खुणेने म्हणाले, आता बसलीच आहेस तर चालू करून बघ. मी त्यांचं मन राखायला खेळातल्या बसची चावी फिरवली.

खुर्ची जिवंत झाली, घंटे. कंबरेखालून थरथर वर आली आणि पाठीच्या कण्यातून मानेपर्यंत गेली. मी क्लच दाबला, ती शांत झाली. पहिला टाकला, ती भरली. चढ आला तशी धापा टाकायला लागली, आणि माझा हात आपोआप दांड्यावर गेला. दुसरा. तिसरा. काट्याकडे मी एकदाही बघितलं नाही. मला रडू कोसळलं. काकांना वाटलं खिळा टोचला, ते पक्कड घेऊन धावले.

त्या दिवशी मी अख्खा मार्ग पुरा केला. दुसऱ्या दिवशीही केला. आणि परवा जिना उतरले. काकांना पण सांगितलं नाही. चौकात उभी राहिले आणि आली त्या बसमध्ये चढले. तीच चांगली चालवणारी पोरगी होती. मी पुढे बसून समोरच्या धरायच्या दांड्यावर हात ठेवला आणि उतरताना तिला सांगितलं की वळणावर जरा लवकर खालच्या गिअरवर येत जा. तिने मला ओळखलं. डेपोत माझ्या हाताखाली शिकलेल्या कोणाकडून तरी ती शिकली आहे म्हणे. ती कागदावर लिहून दाखवत होती आणि मागे गाड्या हॉर्न वाजवत असतील. मला कुठे ऐकू येतंय!

बेलचं तू वाईट वाटून घेतलंस, असं काकांनी लिहून दाखवलं. घेऊ नकोस. मी त्यावर उपाय काढला आहे. मी प्रत्येक थांब्यावर थांबते. बेल वाजो न वाजो, कोणी असो नसो, थांबते, दार उघडते, आरशात बघते आणि निघते. गाडी रोज उशिरा पोचते आणि खेळ माझे गुण कापतो. कापू दे. माझ्या गाडीतून आता कोणी दोन थांबे पुढे जात नाही.

पाकिटातून तू काय काय भागवलंस ते मला माहीत आहे. तुझा जुना कोट यंदाही तोच होता, असं तुझ्या आईने लिहिलं आहे. मी आभार मानले तर तू चिडशील, म्हणून आशीर्वादच दोनदा लिहिले आहेत.

उरलेल्या कापडातून काकांनी आणखी एक खुर्ची शिवली. ती माझ्या शेजारी, जरा पुढे ठेवली आहे. तिथून पडदा नीट दिसतो. रजा मिळाली की ये. येताना तुझे हेडफोन आण, तुझ्यापुरता आवाज चालेल. बेल वाजली की माझ्या खांद्यावर थाप मार, म्हणजे मी वेळेवर पोचेन.

लोभ कसा करावा हे तू मला शिकवलंस. आता तो घ्यायला लवकर ये. दुसऱ्या कोणी बसू नये म्हणून सीटवर माझी पिशवी ठेवली आहे.

तुझी,
मावशी